येणारी गाडी केवढी दिसते?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे आपण वर्गात शिकवतोच. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, हा मार्ग कल्याणपर्यंत पोचला आणि मधल्या खाडीकाठच्या गावांच्या शिवारातून रूळ गेले. दिवा हे त्यांपैकी एक गाव. पुढे पनवेलकडे आणि वसईकडे जाणारे फाटे येथून निघाले व दिव्याचे जंक्शन झाले. वस्ती वाढत गेली तसे गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. घर एकीकडे, बाजार दुसरीकडे, शाळा तिसरीकडे. स्थानकाला लागून असलेल्या फाटकाची कथा रोजच्या प्रवाशांना पाठ आहे : ते उघडे राहिले की लोकल खोळंबतात, बंद राहिले की रस्ता तुंबतो. आणि तुंबलेल्या रस्त्यावरचा माणूस वाट पाहत उभा राहत नाही, तो रुळांवरून चालू लागतो. ठाणे ते दिवा या पट्ट्यात फेब्रुवारी २०२२ पासून ६ मार्ग झाले आहेत. म्हणजे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचे तर आता अधिक रूळ ओलांडावे लागतात.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडेही दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणाला मुकतात. त्यांत गर्दीने भरलेल्या डब्यातून पडणारे असतात, पण मोठा वाटा रूळ ओलांडताना धडक बसलेल्यांचा असतो. या मृत्यूंचे स्पष्टीकरण आपल्याकडे तयार असते. घाई, बेफिकिरी, कानांत घातलेली गाणी. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ प्रमाणे असे रूळ ओलांडणे हा गुन्हाही आहे. या कारणांत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांतून एक गोष्ट उलगडत नाही. रूळ ओलांडणारा माणूस बहुधा दोन्हीकडे पाहतो. गाडी त्याला दिसते. दिसूनही तो पाऊल टाकतो, कारण अजून वेळ आहे असे त्याला मनापासून वाटते. भरधाव रिक्षा आणि मोटारींमधून रोज बिनचूक वाट काढणारा हाच माणूस आगगाडीच्या बाबतीत का फसतो?

याचे उत्तर द्यायचे तर त्याच्या डोळ्याने मेंदूला नेमके काय सांगितले ते पाहावे लागते. त्याचा शोध कसा लागत गेला ही सुमारे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे.

शाळेत आपण डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करतो. भिंग, पडदा, पडद्यावरची उलटी प्रतिमा. ही तुलना दृष्टिपटलापर्यंत चालते, पुढे ती अडचणीची ठरते. कारण कॅमेऱ्याच्या चित्रात गती नसते. एका चित्रात गाडी येथे आणि दुसऱ्या चित्रात तेथे, यावरून ती हलली असा निष्कर्ष आपण काढतो. मग मेंदूही असेच करत असेल काय? आधी जागा पाहायची, मग वेळ मोजायची, मग भागाकार करायचा?

तसे नसावे, याचा पहिला ठळक पुरावा १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स या गृहस्थाने नोंदवला. स्कॉटलंडमधील एका धबधब्याच्या पडत्या पाण्याकडे ते बराच वेळ एकटक पाहत राहिले आणि मग शेजारच्या खडकाकडे नजर वळवली, तर खडक वर सरकताना दिसू लागला. गंमत अशी की तो सरकत होता पण जागा सोडत नव्हता. जागा न बदलता हालचाल दिसत असेल तर हालचालीची जाणीव ही जागेच्या जाणिवेतून काढलेली नसणार, ती स्वतंत्र असणार. पावसाळ्यात माळशेज घाटात किंवा पुलावरून नदीचे पाणी पाहताना हा अनुभव कोणालाही घेता येतो. पुढे १८७५ साली सिग्मंड एक्सनर यांनी विजेच्या दोन ठिणग्यांचे प्रयोग करून हीच दिशा दाखवली. १९१२ मध्ये माक्स वेर्थहायमर यांनी दोन स्थिर रेषा आलटून पालटून दाखवल्या तर एकच रेषा सरकल्याचा भास होतो, हे पद्धतशीर मांडले. ही कल्पना त्यांना आगगाडीच्या प्रवासात सुचली, आणि मधेच फ्रँकफुर्टला उतरून त्यांनी हलती चित्रे दाखवणारे खेळणे विकत घेतले, असे सांगतात.

मेंदूत यासाठी वेगळी जागा आहे का, हा प्रश्न मात्र युद्धाने पुढे आणला. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक तपासताना जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांच्या लक्षात आले, की काहींना अंध झालेल्या भागात वस्तू दिसत नाही, पण ती हलली की काहीतरी हलल्याचे कळते. हे त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले. पण त्या काळचे या विषयातले सर्वांत वजनदार नाव गॉर्डन होम्स यांचे होते. त्यांना हे मान्य नव्हते. परिणामी विषय जवळजवळ अर्धशतक बाजूला पडला. विज्ञानात असे होते. निरीक्षण खरे असून भागत नाही, ते समजून घेण्याचे साधनही हाती असावे लागते.

ते साधन म्हणजे केसाहून बारीक विद्युत्-अग्र. ते एका चेतापेशीजवळ नेले की तिचे आवेग ध्वनिवर्धकातून टक्-टक् असे ऐकू येतात. १९५९ साली अमेरिकेत लेटव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचे आवेग ऐकले. काही तंतू लहान, काळसर, हलत्या ठिपक्यालाच प्रतिसाद देत होते. म्हणजे माशी. मेलेल्या माश्यांच्या ढिगात बेडूक उपाशी राहतो, त्याचे कारण येथे सापडले. त्याच वर्षी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांचा मांजराच्या मेंदूवरचा निबंध आला. पडद्यावर ठिपके दाखवून तासन्‌तास काहीच घडत नव्हते. एकदा काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम कडाडली. विशिष्ट कलाची रेषा, आणि कित्येक पेशींच्या बाबतीत ती विशिष्ट दिशेला सरकणारी हवी होती. डावीकडून उजवीकडे गेली तर आवेगांचा पाऊस, उलट गेली तर शांतता. या कामाला १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७०च्या दशकात लंडनमध्ये सेमिर झेकी यांनी माकडाच्या मेंदूत असा एक लहानसा पट्टा दाखवला, की ज्यातील जवळजवळ सर्व पेशी हालचालीच्या दिशेला प्रतिसाद देतात, रंगाची त्यांना पर्वा नसते. त्याला व्ही-५ किंवा एमटी म्हणतात. आणि १९८३ मध्ये म्युनिकहून योसेफ त्सील व सहकाऱ्यांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा नेमका हा भाग निकामी झाला होता. तिला रंग दिसत, माणसे ओळखू येत, वाचता येई. हालचाल तेवढी दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे, पातळी चढताना दिसत नसे, म्हणून कप भरून वाहायचा. खोलीतली माणसे एकदम येथून तेथे झालेली दिसत. रस्ता ओलांडणे तर तिने सोडूनच दिले. मोटार प्रथम दिसे तेव्हा लांब असे, आणि पाऊल उचलावे तोवर ती अगदी अंगाशी येऊन ठेपलेली असे. मधले येणे तिला दिसतच नसे.

ही हकीकत वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

पेशींचा आवेग आणि प्राण्याचे वागणे यांचा संबंध आहे हे सिद्ध करणे अजून बाकी होते. दोन गोष्टी एका वेळी घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये विल्यम न्यूसम आणि सहकाऱ्यांनी हा दुवा जोडला. माकडासमोर पडद्यावर असंख्य ठिपके सैरावैरा हलत असत, त्यांतले थोडे एका दिशेने जात. ठिपके कोणीकडे चालले आहेत हे माकडाने नजर वळवून सांगायचे. यादरम्यान शास्त्रज्ञांनी एमटीमधील ज्या पेशी, समजा, 'वर' या दिशेच्या होत्या, त्यांना विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रवाह दिला. माकडाचा कौल 'वर'च्या बाजूला झुकला. ठिपके तेच, पडदा तोच, मात्र निर्णय बदलला. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की मेंदूच्या आणखी एका भागातील पेशींमध्ये हा पुरावा हळूहळू साठत जातो आणि साठा ठरावीक पातळीला पोचला की प्राणी कृती करतो. पुरावा भरपूर असेल तर निर्णय लवकर आणि बरोबर येतो. पुरावा तुटपुंजा असेल तर उशिरा, अथवा पूर्वग्रहाच्या आधाराने.

आता पुन्हा रुळांकडे येऊ.

रुळांलगत उभ्या असलेल्या माणसाकडे गाडी जवळपास सरळ रेषेत येते. बाजूने जाणारी गाडी दृष्टिपटलावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे धावत जाते आणि दिशा ओळखणाऱ्या पेशींना भरपूर खाद्य मिळते. समोरून येणाऱ्या गाडीची प्रतिमा मात्र जागच्या जागी राहते, फक्त फुगत जाते. दर्यावर्दी लोकांना ही गोष्ट जुनी माहीत आहे : दुसरे जहाज एकाच दिशेला स्थिर दिसत राहून मोठे होत असेल तर टक्कर होणार. म्हणजे येणारी गाडी ओळखायला मेंदूजवळ एकच मुख्य खूण उरते, ती म्हणजे प्रतिमेचे फुगणे.

हे फुगणे किती, याचा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. लोकलची रुंदी सुमारे ३.६ मीटर. वेग तासाला ९० किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. गाडी ४०० मीटरवर असताना, म्हणजे पोचायला १६ सेकंद असताना, तिची रुंदी डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करते. पौर्णिमेचा चंद्र एवढाच दिसतो. आठ सेकंद उरले असताना कोन होतो १ अंश. चार सेकंद उरले असताना २ अंश, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठा दिसतो साधारण तेवढा. दोन सेकंद असताना ४ अंश, आणि शेवटच्या सेकंदाच्या सुरुवातीला ८ अंश. पहिल्या आठ सेकंदांत प्रतिमा अर्ध्या अंशाने वाढली, आणि दोन सेकंद उरल्यापासून एक सेकंद उरेपर्यंत, म्हणजे अवघ्या एका सेकंदात, ४ अंशांनी. वेग सतत एकच होता. मोटरमनने काहीही बदललेले नाही. बदल झाला आहे तो कोनाच्या वाढीत.

शाळेच्या लांब व्हरांड्यात हे करून पाहता येते. १ : १०० हे प्रमाण घ्यावे. जाड कागदाचा ३.६ सेंटिमीटर रुंद तुकडा म्हणजे लोकलचे तोंड. एका विद्यार्थ्याने एक डोळा झाकून उभे राहावे. दुसऱ्याने साडेसहा मीटरवरून सुरुवात करून कागद डोळ्याच्या रेषेत धरून दर सेकंदाला २५ सेंटिमीटर या गतीने पुढे यावे. ताल धरायला तिसऱ्याने घड्याळ पाहून आकडे म्हणावेत. पाहणाऱ्याने पावलांकडे न बघता फक्त कागदाकडे बघायचे, आणि कागद मोठा होत असल्याची पहिल्यांदा खात्री वाटेल तेव्हा हात वर करायचा. प्रत्येकाचे अंतर फळ्यावर लिहून ठेवावे. सर्वांचे हात लवकर वर होतील अशी अपेक्षा वर्गाने आधी नोंदवून ठेवली तर अधिक चांगले.

वाहनचालकांवर झालेल्या मोजण्यांत असे आढळले आहे, की कोनाची वाढ सेकंदाला साधारण एक षष्ठांश अंशाहून कमी असेल तर माणसाला समोरची वस्तू जवळ येत असल्याचे नीटसे कळत नाही. आपल्या लोकलच्या बाबतीत ही मर्यादा केव्हा ओलांडली जाते? गाडी सुमारे १७० मीटरवर आल्यावर, म्हणजे पोचायला जेमतेम ७ सेकंद उरल्यावर.

आता सहा मार्गांची रुंदी खडी धरून ३० मीटर माना. खडीवरून चालणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर जातो असे धरले तर पलीकडे पोचायला २५ सेकंद लागतात. शेवटच्या मार्गावरून न थांबणारी एखादी मेल त्या क्षणी ६२५ मीटरवर आहे. तिचा कोन एक तृतीयांश अंश, चंद्राहूनही लहान. ती स्पष्ट दिसते. डोळ्याच्या तीक्ष्णतेला यात काही अवघड नाही. पण ती वाढताना दिसत नाही. म्यूनिकची ती बाई मोटारीच्या बाबतीत ज्या अवस्थेत होती, त्या अवस्थेत सहाशे मीटरवरच्या गाडीच्या बाबतीत आपण सगळेच असतो. आणि जेव्हा ती वाढू लागते तेव्हा उरलेल्या ७ सेकंदांत दोन मार्गही धड ओलांडून होत नाहीत.

निसर्गाने यावर काही तोड काढली नसेल काय? काढली आहे, आणि तिचे गणित प्रथम छापले गेले ते एका कादंबरीत. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' या १९५७च्या विज्ञान कादंबरीत एक प्रचंड ढग सूर्यमालेकडे येतो. त्याचे अंतर माहीत नाही, वेग माहीत नाही, खरा आकार माहीत नाही. तरीही तो कधी पोचेल हे त्यातले शास्त्रज्ञ काढतात. युक्ती अशी : दिसणाऱ्या कोनाला कोनाच्या वाढीच्या दराने भागायचे. उत्तर थेट सेकंदांत, किंवा महिन्यांत. वर दिलेल्या आकड्यांनी पडताळून पाहा. ४०० मीटरवर कोन ०.५२ अंश, वाढ सेकंदाला ०.०३२ अंश, भागाकार १६. एडिंबराच्या डेव्हिड ली यांनी १९७६ साली मोटारीचा ब्रेक दाबण्याच्या संदर्भात सुचवले, की आपली दृष्टी हाच भागाकार वापरत असावी.

हे करणाऱ्या पेशी सापडल्याही. कॅनडातील वांग आणि फ्रॉस्ट यांनी १९९२ मध्ये कबुतराच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, की पडद्यावरची वस्तू लहान असो वा मोठी, हळू असो वा जलद, धडकेच्या आधी ठरावीक वेळ उरला की त्या पेटतात. टोळाच्या मेंदूतही अंगावर येणाऱ्या वस्तूला ओळखणारी एक मोठी पेशी आहे. इंग्लंडमध्ये क्लेअर रिंड आणि पीटर सिमन्स यांनी टोळाला 'स्टार वॉर्स' चित्रपटातील अंगावर येणाऱ्या यानांची दृश्ये दाखवून तिचे आवेग मोजले. या कामाला २००५ मध्ये 'इग नोबेल' हा विनोदी पुरस्कार मिळाला, पण काम मुळीच विनोदी नव्हते. मोटारीला धडकेची पूर्वसूचना देणारी यंत्रे घडवताना या पेशीचा नमुना अभियंत्यांनी समोर ठेवला आहे. माकडाच्या मेंदूत एमटीच्या शेजारच्या भागात फुगणाऱ्या चित्रालाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली नोंदवल्या. आपल्यातही अशी यंत्रणा आहे असे मानायला जागा आहे. अंगावर येणारा चेंडू पाहून मूल विचार करायच्या आत डोके खाली घालते.

फलाटावरून पाहिले तर रुळांवर दाणे टिपणारी कबुतरे गाडी अगदी जवळ येईपर्यंत उडत नाहीत, आणि तरी बहुधा वाचतात. पेशी शेवटच्या घटकेला पेटते, आणि पंख असलेल्याला तेवढी घटका पुरते. ससाण्यापासून वा भिरकावलेल्या दगडापासून वाचायला एखादा-दुसरा सेकंद पुष्कळ झाला. आमच्या मते अडचण येथेच आहे. ही यंत्रणा मुळात शेवटच्या काही क्षणांसाठी आहे. पंचवीस सेकंदांनंतरचा अंदाज तिच्याकडून मागणे म्हणजे तिला तिच्या कामाबाहेरचे विचारणे होय. भागाकार कितीही चांगला असला तरी भाजक शून्याच्या जवळ असेल, तर उत्तराचा भरवसा काय? अशा वेळी मेंदू पूर्वानुभवावर विसंबतो, आणि रोज रूळ ओलांडणाऱ्याच्या गाठीला हजारो सुखरूप ओलांडण्यांचा अनुभव असतो. त्या प्रत्येक अनुभवाने त्याला सांगितलेले असते, की चंद्राएवढी दिसणारी गाडी अजून लांब आहे.

आगगाडीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांवर लेख लिहून ती पुढे मांडली. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू चालल्यासारखी दिसते. विमानतळावर उतरणारे मोठे विमान हवेत तरंगत असल्यासारखे वाटते, त्याच वेगाचे लहान विमान चपळ वाटते. वस्तू जितकी मोठी तितका तिचा वेग कमी भासतो, हे प्रयोगशाळेत जे. एफ. ब्राउन यांनी १९३१ मध्येच दाखवले होते. लिबोविट्झ यांनी ते रुळांवर आणले. त्यांचे म्हणणे तर्काला धरून असले तरी प्रयोगाने तपासलेले नव्हते. ते काम न्यूझीलंडमध्ये हेलन क्लार्क, जॉन पेरोन आणि रॉबर्ट इस्लर यांनी केले व २०१३ साली प्रसिद्ध केले. पडद्यावर येणारी आगगाडी आणि येणारी मोटार दाखवून त्यांनी लोकांना वेगांची तुलना करायला सांगितले. आगगाडीचा वेग सातत्याने कमी आखला गेला. रिक्षा-मोटारींमधून अचूक वाट काढणारा माणूस रुळांवर का फसतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते. त्याने वर्षानुवर्षे ज्या वस्तूंवर आपला अंदाज तासून घेतला त्या आगगाडीहून पुष्कळ अरुंद होत्या आणि ब्रेक लावल्यावर थांबत होत्या.

या सगळ्या ज्ञानाचा रुळांवर उपयोग करून पाहण्याचा एक प्रयत्न मुंबईतच झाला. २००९च्या अखेरीस मध्य रेल्वेच्या सहकार्याने 'फायनल माइल' या मुंबईच्या संस्थेने हार्बर मार्गावरच्या वडाळा स्थानकाजवळ तीन साधे बदल केले. पहिला, ठरावीक अंतरांनी स्लीपरांचे पट्टे पिवळे रंगवले. गाडी त्या पट्ट्यांवरून येताना एकेक पट्टा तिच्याखाली नाहीसा होतो आणि वेगाला एक मोजपट्टी मिळते. जी गोष्ट केवळ फुगत होती ती आता काहीतरी गिळत पुढे येताना दिसते. दुसरा, एका लांब भोंग्याऐवजी दोन आखूड भोंगे. सलग आवाजाला चेतापेशी लवकर सरावतात. आवाज सुरू होणे, थांबणे आणि पुन्हा सुरू होणे यांना त्यांचा प्रतिसाद जोरकस असतो. तिसरा, सूचनाफलकाऐवजी गाडीखाली सापडत असलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे मोठे चित्र. 'रूळ ओलांडू नका' हे शब्द वाचावे लागतात, भीतीचा चेहरा वाचावा लागत नाही. त्यानंतरच्या काळात तेथले मृत्यू घटल्याची नोंद आहे.

शिक्षकांना येथे एक शंका यायला हवी, आणि ती रास्त आहे. हे एकच स्थानक होते. तिन्ही बदल एकदम केले, म्हणून कोणत्या बदलाने किती फरक पडला हे वेगळे काढता येत नाही. तुलनेसाठी दुसरे, काहीच न बदललेले स्थानक शेजारी मांडलेले नव्हते. प्रयोग म्हणून त्याची बाजू लंगडी आहे. पण पिवळ्या रंगाला पैसे किती लागतात आणि पुलाला किती, याचाही विचार व्हावा.

मात्र रंग हा पुलाला पर्याय नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात रूळ ओलांडताना होणाऱ्या मृत्यूंचा देशभरातला आकडा वर्षाला सुमारे पंधरा हजार सांगितला, आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाने हा संहार सहन करू नये अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले. मानवरहित आणि रखवालदार असलेली, दोन्ही प्रकारची फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत अशी शिफारस त्यांनी केली. जानेवारी २०१९ पर्यंत मोठ्या मार्गांवरील मानवरहित फाटके संपली. रखवालदार असलेली फाटके त्या मुदतीत संपली नाहीत.

रात्रीच्या वेळी तर हिशेब आणखी बिघडतो. दिवसा निदान ३.६ मीटर रुंदीचे तोंड असते. अंधारात दूरवर फक्त एक प्रखर दिवा असतो, आणि प्रकाशाच्या बिंदूला रुंदीच नसते. तो उजळत जातो, रुंदावत नाही. अमेरिकेत १९९७च्या अखेरीपासून वेगवान इंजिनांना मुख्य दिव्याखेरीज खाली दोन्ही कडांना आणखी दोन दिवे लावणे सक्तीचे झाले. तीन दिव्यांचा त्रिकोण होतो. गाडी जवळ येते तसा तो पसरतो, आणि फुगण्याची वाट पाहणाऱ्या पेशींना अंधारातही मोजायला काहीतरी मिळते. वर दिलेल्या व्हरांड्यातल्या प्रयोगात कागदाऐवजी आधी एक आणि मग त्रिकोणात धरलेल्या तीन उदबत्त्या वापरून संध्याकाळी दोन्हींची तुलना करता येईल.